माती आणलीस का?

पत्र :

ताई, मी सत्तावीस वर्षांची, हिंजवडीत आयटीत नोकरी करते. सप्टेंबरच्या शेवटी सीना नदीला पूर आला तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याकडची दृश्यं टीव्हीवर बघून आम्हा ऑफिसातल्या दहाजणांना राहवेना. आठवड्याभरात पैसे जमवले, चारशे किट भरली. तांदूळ, डाळ, तेल, साबण, बिस्किटं. शिवाय सोसायट्यांतून गोळा केलेल्या कपड्यांची तीस पोती. दसरा झाल्यावर जो शनिवार आला त्या दिवशी टेम्पो घेऊन निघालो. रस्त्यालगतच्या गावांत आमच्याआधीच किट पोचली होती, तरी रांग लागली, ढकलाढकली झाली. शेवटी आत एका वाडीवर गेलो. तिथं ओट्यावर एक आजी बसली होती. मी किट पुढं केलं तर तिनं हात मागं घेतला. म्हणाली, "पोरी, भाकर हाय माझ्याकडं. माती आणलीस का?" मला काही बोलताच आलं नाही. तेवढ्यात आमच्यातला एकजण शाळकरी मुलीला वही देतानाचा व्हिडिओ काढत होता. तिनं ती वहीच तोंडापुढं धरली. कपड्यांची अकरा पोती उरली, ती एका ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात ठेवून परत आलो.

तेव्हापासून मन लागत नाही. आता डिसेंबरात ब्लँकेट वाटायला जायचं ठरतंय, दोन लाख जमलेत. आई म्हणते, पैसे देऊन मोकळी हो, हे तुमचं काम नाही. आमचं चुकलं का? जाऊ की नको?

– एक वाचक, पुणे

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचलं आणि कागद घेऊन हिशेब करत बसले. आजीनं विचारलेल्या प्रश्नाचाच हिशेब. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर एक फूट जाडीचा मातीचा थर द्यायचा तर ४३,५६० घनफूट माती लागेल. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ४३५ ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ब्रासभर माती मावते असं धरलं तर एका एकराला चारशेहून जास्त खेपा. अर्ध्या फुटावर भागवायचं म्हटलं तरी २१८. तुमचा टेम्पो त्या दिवशी किटांऐवजी मातीनं भरून नेला असता तर आजीचं अंगणसुद्धा धड झाकलं नसतं.

हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. आजीनं तुला टोमणा मारला असं तू धरून बसली आहेस, तसं मला वाटत नाही. तिला काय हवं आहे ते तिनं नेमकं सांगितलं. पुरानंतर इतकं नेमकं सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. बहुतेक लोक समोर येईल ते हात पुढं करून घेतात, कारण नाही म्हटलं तर पुढची गाडी थांबणार नाही अशी भीती असते. आजी ते धाडस करून बसली, आणि तू दीड-दोन महिने ते वाक्य विसरू शकली नाहीस. तुम्ही दोघी भेटलात हे बरं झालं असं मी म्हणेन.

आधी माती गेली म्हणजे काय झालं ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घरात पाणी शिरलं तर घर धुता येतं. पीक कुजलं तर वर्ष जातं, पण रान जागेवर राहतं. या वेळी सीना काठ सोडून रानात शिरली आणि जिथं धार लागली तिथली काळी माती मुरमापर्यंत खरवडून घेऊन गेली. जिथं धार मंदावली तिथं रेती आणि दगडगोटे टाकून गेली. विहिरी गाळानं बुजल्या. मोटारी, पाइप, ठिबकच्या नळ्या वाहून गेल्या. ज्या बांधावरून दोन भावांची हद्द ठरायची तो बांधच राहिला नाही. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि ती एका रात्रीत गेली. आजीचं वय काय असेल ते तू लिहिलं नाहीस, पण त्या रानात तिची सासू राबली असेल, ती राबली असेल. किटमधली पाच किलोची पिशवी बघून तिला आपल्या रानातले जोंधळे आठवले नसतील का?

२०२५ च्या ऑक्टोबरात राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि नरेगातून हेक्टरी ३ लाखांपर्यंतचं काम असं सांगितलं गेलं. बुजलेल्या विहिरीला ३० हजार, दुभतं जनावर गेलं तर साडेसदतीस हजार. आता मघाचा हिशेब पुढं चालवू. हेक्टरी ३ लाख म्हणजे एकरी साधारण १ लाख २१ हजार. अर्ध्या फुटाच्या २१८ ब्रासांवर वाटले तर ब्रासला साडेपाचशे रुपये. त्यात माती उकरायची, भरायची, वाहायची आणि पसरायची. माती जवळ मिळाली तर ओढूनताणून बसेल, लांबून आणायची तर नाही बसणार. जी तूट पडेल ती डिझेलची असेल. हे वाक्य लक्षात ठेव, तुमच्या दोन लाखांकडे येताना लागणार आहे.

आता तुझा पहिला प्रश्न, चुकलं का.

जाणं चुकलं नाही. काय न्यायचं ते पुण्यात बसून ठरवलं, तिथं घोळ झाला. आणि तो घोळ मीही केलेला आहे, म्हणून अधिकारानं बोलते.

१९९३ साली मी सोलापुरात कॉलेजात होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, तीन वाजून छपन्न मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदं, ती सगळी झोपलेल्या माणसांवर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बावन्न गावं पार भुईसपाट झाली. आमची एनएसएसची तुकडी उमरगा तालुक्यातल्या एका गावात पोचली ती स्वेटर आणि साड्यांची गाठोडी घेऊन. वाटेत वाहनांची ही रांग. त्यात मदत घेऊन चाललेले होते, आणि नुसते बघायला निघालेलेही होते. पाऊस लागला होता. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात भिजत पडलेले मी पाहिले. पुढं २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या रस्त्यांवरही तसेच ढीग पडल्याचं वाचलं आणि पोटात कालवलं.

त्या गावात पत्र्याच्या निवाऱ्यात एक बाई होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिच्याजवळ साड्यांची चळत होती, बारा-पंधरा तरी. मी तेरावी की सोळावी साडी तिच्या हातात ठेवायला गेले. तिनं ती घेतली, चळतीवर ठेवली आणि हळूच म्हणाली, "बाई, आठ दिस झाले, अंगावर पानी घेतलं न्हाई." आडोसाच नव्हता. चहूकडे जवान, पुढारी, पत्रकार, आमच्यासारखी पोरं. नहाणीच्या भिंती ढिगाऱ्यात. साड्या सगळ्यांनी आणल्या होत्या, पण परकर आणले नव्हते, अंगाला होतील अशी पोलकी आणली नव्हती, आणि पाळीसाठी कुणी काहीच आणलं नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून चार वासे रोवले, त्याच साड्या चारी बाजूंनी बांधल्या, खाली फरशीचा तुकडा टाकला. संध्याकाळपर्यंत तिथं बायकांची रांग लागली होती. प्रत्येक जण आपली घागर आणि दुसऱ्या कुणाचं तरी पोर कडेवर घेऊन उभी. एकेक बाई आतून ओल्या केसांनी बाहेर आली की तिचा चेहराच निराळा दिसायचा.

मी त्यानंतर सांगली-कोल्हापूरच्या पुरात गेले, चिपळूणला गाळ उपसायला गेले. एवढ्या वर्षांत त्या नहाणीइतकं उपयोगाचं काम माझ्या हातून झालं असं मला वाटत नाही. आणि ते मला सुचलं नव्हतं. तिनं सांगितलं म्हणून झालं. तुझ्या आजीनंही सांगितलं आहे, फक्त तिची गरज चार वाशांत भागणारी नाही, इतकाच फरक.

अकरा पोत्यांचं मात्र मनावर घे. तो व्हरांडा त्या ग्रामपंचायतीला पंचनाम्याच्या गर्दीसाठी लागला असेल. ग्रामसेवकाला फोन कर, अजून पडून असतील तर गाडी पाठवून उचल आणि पुण्यात नीट लावून दे. हे काम कुणाला दिसणार नाही, पण ते तुमचं आहे.

त्या मुलीचं काय, हा तर प्रश्नच नको. व्हिडिओ काढून टाकायला लाव, तुमच्या ग्रुपमधून आणि ज्याला ज्याला पाठवला असेल त्याच्याकडूनही. तिनं वही तोंडापुढं धरली म्हणजे तिनं नाही म्हटलं. आपल्या घरातलं लेकरू हात पसरताना कुणी टिपलं आणि ते उद्या त्याच्या वर्गातल्या पोरांनी मोबाइलवर बघितलं तर आपल्याला काय वाटेल, एवढंच त्या मित्राला विचार. देणगीदारांना हिशेब दाखवायचा तर पावत्या दाखवा, गाळ काढलेल्या विहिरीचा फोटो दाखवा.

आता डिसेंबरची ब्लँकेटं. माझं मत, नका नेऊ. कुणी मागितली असतील तर गोष्ट वेगळी, पण तुझ्या पत्रात तसं कुठं दिसलं नाही. थंडी पडते म्हणून ब्लँकेट, हा आपला अंदाज झाला. ऑक्टोबरातल्या किटांत टॉवेल-चादरीही बऱ्याच जणांनी दिल्या आहेत. आणि पैसे संपले की तुमचं जाणंही संपेल, याचीच मला जास्त काळजी आहे.

कारण मातीचं काम डिसेंबरात होत नाही. रानात टाकायला चांगली माती मिळते ती तलावांच्या आणि धरणांच्या पोटातला गाळ. यंदा तलाव काठोकाठ आहेत. पाणी उतरेल मार्चनंतर, गाळ उघडा पडेल एप्रिल-मेमध्ये. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना आहेच, तीही उन्हाळ्यातच चालते. म्हणजे आजीला ज्या दिवशी खरी गरज पडणार तो दिवस एप्रिलमधला आहे, आणि तेव्हा तिच्या वाडीवर एकही टेम्पो नसेल. आयपीएल सुरू असेल, लग्नसराई असेल, सीनेचा पूर कुणाच्या लक्षातही नसेल. तेव्हा तुम्ही असा, असं माझं सांगणं आहे. दोन लाखांतला मोठा वाटा आत्ताच बाजूला काढून ठेवा, डिझेलसाठी. नरेगाच्या पैशात जी तूट पडेल तिथं तो घाला. पन्नास एकरांचा विचार करू नका. त्या एका वाडीतल्या तीन-चार घरांचं एकेक एकर धरा. कुणाचं आधी, हे वाडीनं बसून ठरवावं, तुम्ही नव्हे. गाळ टाकण्याआधी त्याचा नमुना कृषी सहायकाला दाखवा. प्रत्येक तलावाचा गाळ रानाला मानवतोच असं नाही, आणि रेतीमिश्रित गाळ पैसे मोजून आणण्यात अर्थ नाही.

तोपर्यंतच्या पाच महिन्यांत काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण मी सांगते. तुमचं खरं बळ त्यातच आहे.

पुरानंतर पंधरा दिवसांनी गावात कागदांचा पूर येतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनामे करून जातात, याद्या लागतात, आणि मग सुरू होतं : विशिष्ट क्रमांक घ्या, ई-केवायसी करा, आधार बँकेला जोडा, फार्मर आयडी आहे का बघा. ज्याचं कपाटच वाहून गेलं त्याच्याकडे ना पासबुक, ना रेशनकार्ड. अंगठ्याचा ठसा मशीन घेत नाही, कारण आयुष्यभर खुरपं धरून बोटांच्या रेघा झिजल्यात. मोबाइल नंबर आधारला जोडलेला होता तो मुलाचा, आणि मुलगा दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेला आहे, आता थेट उन्हाळ्यातच येईल. सेवा केंद्रावर एका खेपेला दिवस मोडतो, शिवाय गाडीभाडं. तुम्ही दहाजण दिवसभर हेच करता ना, कुठं अडलंय ते शोधून सोडवणं? दोन लॅपटॉप, एक प्रिंटर, अंगठ्याऐवजी डोळ्यांवर चालणारी ओळख जिथं होते त्या केंद्राचा पत्ता, आणि लागोपाठ चार शनिवार. तहसीलमध्ये आधी भेटून, सांगून करा. चोरून-मारून काही नको. आणि एक कडक नियम : कुणाच्या आधारकार्डाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये राहता कामा नये, कुणाचा ओटीपी तुम्ही स्वतः टाकायचा नाही. त्या माणसाला समोर बसवून, त्याच्याच हातानं. पुरात सगळं गेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे जाण्याइतकं वाईट काही नाही, आणि संशय तुमच्यावर येईल.

हे करताना यादीत जे नाहीत त्यांना शोध. मदत जमिनीच्या मालकाला मिळते. जो बटईनं करत होता, ज्यानं बियाणं आणि खत घातलं, त्याचं सातबाऱ्यावर नाव नाही. त्याच्या हाती काय पडलं? जिचा नवरा वारला आणि रान अजून सासऱ्याच्या नावावर आहे, वारसनोंद झालेली नाही, तिचं काय? शेतमजूर बाईचं तर रानच नाही, तिची रोजंदारी बुडाली आणि तिचा पंचनामा कुणी करत नाही. गावाबाहेरची पारधी वस्ती तर नकाशातही नसते. ही नावं सरपंचाकडे मिळतील असं नाही. आशाताईंकडे मिळतील, अंगणवाडीच्या सेविकेकडे मिळतील, बचत गटाच्या बायकांकडे मिळतील. त्यांच्यासोबत वाडीत घरोघर फीर, दोन तासांत तुला सगळं कळेल. किल्लारीनंतर घरं दुरुस्त करण्याच्या सरकारी कार्यक्रमात गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्या कामातून उभी राहिली. बाहेरून आलेल्या इंजिनिअरला जे वर्षभरात कळलं नसतं ते त्या बायकांनी उंबऱ्यावर बसून काढून घेतलं. याउलट जी गावं उठवून दुसरीकडे वसवली तिथं रुंद सरळ रस्ते झाले, आखीव प्लॉट झाले, पण गोठा कुठं बांधायचा, शेजारीण हाकेच्या अंतरावर कशी राहील, हे कुणी विचारलंच नाही. घरं भक्कम होती, पण तिथं राहणं कित्येकांना वर्षानुवर्षं परकंच वाटत राहिलं.

जनावरांकडे बघ. कडबा वाहून गेला. नव्या ज्वारीचा कडबा हाती यायला फेब्रुवारी उजाडेल. तोवर वैरण विकत घ्यायची, नाहीतर गाय बाजारात न्यायची. डिसेंबरात खर्च करायचाच असेल तर वैरणीवर करा, आणि बार्शी-परंड्याच्या बाजारातच घ्या. तिथल्या व्यापाऱ्याचीही उधारी बुडाली आहे. पुण्याहून तांदूळ नेण्यात आपण पुण्याच्याच दुकानदाराचा धंदा केला, एवढं कळलं तरी पुरे.

आणि एक काम तर तुझ्या घरापासून दोन-चार मैलांवर आहे. धाराशिव, सोलापूर, बीडची किती पोरं-पोरी पुण्यात शिकायला आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला आहेत. गावाकडून महिन्याचे पैसे यायचे ते सप्टेंबरपासून थांबलेत. कुणी एक वेळ जेवतंय, कुणी खोली सोडून गावी परत जायच्या बेतात आहे. ते तुझ्या दारात मागायला येणार नाहीत. मेसवाल्या काकूंना विचार, अभ्यासिकेच्या मालकाला विचार, बिल कुणाचं थकलंय. चार जणांची मेस जूनपर्यंत भरून टाका आणि नाव विचारू नका. किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिकायला पुण्यात आणली होती. ते काम आठवड्याचं नव्हतं, पोरं मोठी होईपर्यंतचं होतं.

आईचं म्हणणं मी टाकून देणार नाही. तिच्या बोलण्यात काळजी आहे, आणि निम्मं खरंही आहे. पुराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तुमच्यासारख्यांनी तिकडे जाऊ नये. पाण्याची ओढ काय असते ते काठावर राहणाऱ्यांनाही फसवतं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोटच उलटली होती. ज्यांना त्या दिवसांत उपयोगी पडायचंय त्यांनी आधी शिकावं. आपत्ती व्यवस्थापनाची 'आपदा मित्र' ही योजना आहे, तिच्यात प्रशिक्षण मिळतं. न शिकलेल्यानं घरातून एक काम करावं : कुणी अडकल्याचं कळलं तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, १०७७ ला कळवावं आणि रस्ता मोकळा ठेवावा. पण 'पैसे देऊन मोकळी हो' हे आईचं वाक्य मला पटत नाही, त्यातलं 'मोकळी' नाही पटत. तुला मोकळं व्हायचं नाहीये. नाहीतर पत्र कशाला लिहिलं असतंस?

जाशील तेव्हा एक गोष्ट सांभाळ. लोक बोलतील. कर्जाचं बोलतील, मुलीच्या ठरलेल्या लग्नाचं बोलतील, आणि बोलता बोलता एखादा कर्ता पुरुष गप्प होईल. त्याला 'होईल सगळं नीट' म्हणू नकोस, तुला माहीत नाही ते. ऐक. शेजारी बस. आणि कुणी जीव नकोसा झाल्याची भाषा केली तर ती मनात ठेवून पुण्याला परत यायचं नाही. त्याच दिवशी घरातल्या एका शहाण्या माणसाच्या कानावर घाल, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांग, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं तूच लावून दे आणि फोन त्याच्या हातात दे. चेष्टा करतोय, सहज बोलला, असं समजून सोडू नकोस.

मग तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : जा. पण या खेपेला दहाजण नको, टेम्पो नको. तू आणि फार तर एक मैत्रीण. एसटीनं बार्शीपर्यंत, तिथून परंडा, पुढं वडाप. आजीच्या ओट्यावर जाऊन बस. तिला सांग की माती आणली नाही, पण ती कुठून येईल ते विचारून आलेय, आणि उन्हाळ्याच्या आधी होणार नाही. तिचं रान बघायला जा तिच्यासोबत. किती गेलं, कुठं गेलं, पूर्वी तिथं काय पिकायचं, ते तिला सांगू दे. वही नेलीस तर चालेल, लिहून घे. मोबाइल पिशवीत राहू दे.

आम्ही पूरग्रस्त गावात जाताना आपला डबा आपण नेतो, पाणी आपलं नेतो, कुणाच्या चुलीवर भार टाकत नाही. हा नियम मी तीस वर्षं पाळला आणि पोरांनाही पाळायला लावते. आजीच्या घरी मात्र मोड. ती म्हणालीच आहे की भाकर आहे. वाढली तर नको म्हणू नकोस.

तुझी,
ताई